पेइंग गेस्ट नेमके कोणाला म्हणावे?

पुण्या-मुंबईत जागा शोधायला निघालेल्या मुलामुलींच्या कानावर पहिल्याच दिवशी ‘पीजी’ म्हणजे पेइंग गेस्ट हा शब्द पडतो. बसथांब्याजवळ चिकटवलेल्या कागदावर तो असतो, दलालाने मोबाईलवर पाठवलेल्या जाहिरातीत असतो, आणि त्याच्या मागेपुढे ‘कॉट बेसिस’, ‘ट्रिपल शेअरिंग’, ‘फक्त नोकरदार मुलींसाठी’ असे लिहिलेले असते. यंदा भाचीसाठी जागा पाहताना मी अशा बऱ्याच जाहिरातींवरचे फोन लावले. ‘पीजी’ या एकाच नावाने तीन निरनिराळ्या व्यवस्था सांगितल्या जात होत्या, आणि त्यांतली आपली कोणती हे डिपॉझिट देण्यापूर्वी विचारायला हवे असे कोणालाच वाटत नव्हते. म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

महाराष्ट्रात या शब्दाला कायद्याने ठरवून दिलेला अर्थ आहे. ३१ मार्च २००० पासून लागू असलेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ७ मध्ये पेइंग गेस्टची व्याख्या दिली आहे. तिचा आशय असा की, जी व्यक्ती कुटुंबातली नाही आणि जिला, जागा देणारा स्वतः जिथे राहतो त्याच जागेचा काही भाग परवान्यावर दिलेला आहे, ती पेइंग गेस्ट. या व्याख्येचा सगळा भार ‘स्वतः राहतो’ या अटीवर आहे. घरमालक त्या घरात राहत नसेल, तर जाहिरातीत काहीही लिहिलेले असो, कायद्याच्या भाषेत तिथे राहणारा पेइंग गेस्ट ठरत नाही.

ही व्याख्या आली त्यामागे मुंबईच्या भाडे कायद्याचा इतिहास आहे. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडेकरूला इतके भक्कम संरक्षण दिले होते की, एकदा दिलेली खोली परत मिळेल याची मालकाला खात्री वाटत नसे. त्यातून ‘लीव्ह अँड लायसन्स’ची, म्हणजे भाडेकरूचा हक्क न देता ठरावीक मुदतीसाठी जागा वापरण्याची नुसती परवानगी (लायसन्स) देण्याची पद्धत वाढली. पुढे १९७३ च्या दुरुस्तीने १ फेब्रुवारी १९७३ रोजी चालू लायसन्सवर राहणाऱ्यांना भाडेकरूचा दर्जा दिला, मात्र पेइंग गेस्टला ‘लायसन्सी’च्या, म्हणजे लायसन्सवर राहणाऱ्याच्या व्याख्येतून वगळले, त्यामुळे त्याला तो दर्जा मिळाला नाही. १९९९ च्या कायद्यानेही तेच धोरण ठेवले. माझ्या समजुतीप्रमाणे, दोन खोल्यांच्या घरातली एक खोली परक्या मुलीला देण्याचे धैर्य मुंबईतल्या अनेक कुटुंबांना आले, त्यात या वगळण्याचा वाटा नक्कीच आहे.

मी स्वतः नोकरीच्या सुरुवातीला दादरला एका निवृत्त शिक्षिकांच्या घरी अशीच राहिले. मला खिडकीजवळची कॉट, गोदरेजच्या कपाटाचा डावा कप्पा आणि स्वयंपाकघरातल्या मांडणीची सर्वांत खालची फळी मिळाली होती. सकाळचे पाणी साडेपाचला येई, आणि पिंप भरण्याची पाळी एक दिवस त्यांची, एक दिवस माझी असे. रात्री उशीर होणार असेल तर समोरच्यांच्या फोनवर निरोप ठेवायचा, हा नियम त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितला होता. तेव्हा मला तो जाचक वाटे. परंतु जिथे मालकीण आणि पाहुणी एकाच दाराची कडी लावतात, तिथे येण्याजाण्याच्या वेळेत मालकिणीला बोलण्याचा अधिकार असतो, हे मला आजही मान्य आहे. मालकाचे आणि आपले रोजचे जगणे एकाच छपराखाली असते म्हणूनच कायदा या नात्याकडे वेगळ्या नजरेने पाहतो.

आज ‘पीजी’ म्हणून जे सर्रास मिळते, त्यात हे नातेच नसते. एखादा चालक अख्खी इमारत किंवा तीन-चार फ्लॅट भाड्याने घेतो, प्रत्येक खोलीत दोन-तीन कॉट टाकतो, वायफाय आणि मेस जोडतो आणि माणशी दर लावतो. हे वसतिगृह आहे. त्यात गैर काही नाही, शहरांना अशा सोयीची नितांत गरजही आहे, पण त्याला वसतिगृहच म्हणावे. मालक घरात राहत नसताना रात्री नऊची वेळ, पाहुण्यांना बंदी आणि कधीही खोली तपासण्याचा हक्क हे सगळे ‘घरचे नियम’ म्हणून लादले जाते, ते मला पटत नाही. कराच्या बाबतीतही हा फरक ठाऊक असलेला बरा. २२ जून २०२४ रोजी झालेल्या जीएसटी परिषदेच्या ५३ व्या बैठकीतील शिफारशीनंतर, दरमहा दरडोई २०,००० रुपयांपर्यंतच्या आणि सलग किमान ९० दिवसांच्या निवासाला १५ जुलै २०२४ पासून जीएसटीतून सूट आहे. या अटींत बसणाऱ्या मुलीच्या बिलात कोणी जीएसटीची ओळ घातली असेल, तर ती ओळ का घातली, हे तिने जरूर विचारावे.

तिसरा प्रकार सर्वांत फसवा आहे. मालक दुसरीकडे राहतो, फ्लॅट पूर्ण रिकामा आहे, चार मुली मिळून तो घेतात, आणि तरीही मालक किंवा दलाल म्हणतो, ‘पीजीच आहे, कराराची काय गरज?’ हा सरळसरळ लीव्ह अँड लायसन्सचा व्यवहार असतो. १९९९ च्या कायद्याच्या कलम ५५ नुसार असा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, तो नोंदवण्याची जबाबदारी मालकाची असते, आणि तसे न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. लेखी नोंदणीकृत करार नसेल, तर अटींबाबत राहणाऱ्याचे म्हणणे, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. महापालिका हद्दीत नोंदणी शुल्क १,००० रुपये आहे आणि नोंदणी ऑनलाइन होते, त्यामुळे खर्चाची सबब टिकणारी नाही. चौघींपैकी एकीच्याच नावाने करार करून बाकीच्या तिघींनी तिला पैसे देण्याची पद्धतही सर्रास दिसते. मालक आणि ती एक यांचे बिनसले की उरलेल्या तिघींजवळ दाखवायला एक कागदही नसतो. नावे घालायची तर चारही घालावीत, आणि डिपॉझिटमध्ये कोणाचे किती हेही त्यातच लिहावे.

कागदावर ‘पेइंग गेस्ट’ असे मोठ्या अक्षरांत छापले म्हणून व्यवहार तसा होत नाही. करार लायसन्सचा की भाडेपट्ट्याचा हे ठरवताना त्याच्या नावापेक्षा त्यातील खऱ्या आशयाकडे पाहावे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्येच असोसिएटेड हॉटेल्सच्या खटल्यात सांगितले आहे. म्हणून भाचीला मी जागा पाहायला जाण्यापूर्वी तीन प्रश्न लिहून दिले. मालक याच घरात राहतात का? मुख्य दाराची किल्ली कोणाकोणाकडे असते? आणि डिपॉझिटची पावती कोणाच्या नावाने व कोणाच्या सहीने मिळेल? पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ आले, तर पुढचे बोलणे वसतिगृहाचे किंवा नोंदणीकृत कराराचे समजून करायचे, असे आम्ही ठरवले आहे.