मोडीचा रविवार

रविवार, रात्री साडेदहा

भर पावसात आज सगळे आले. मोडी लिपीचा वर्ग केव्हाच संपला, प्रमाणपत्रंही मिळाली, पण आम्ही चौघं अजून दर रविवारी एकमेकांकडे जमतो. आज माझ्याकडे पाळी होती.

मोडी शिकायला सुरुवात करणारे पुष्कळ असतात. बाराखडी हौसेनं गिरवली जाते. खरा कस लागतो तो अस्सल कागद पुढ्यात आल्यावर. आधी ओळभर रेघ ओढलेली आणि तिच्याखाली हात न उचलता सरसर लिहीत गेलेली अक्षरं. दोन शब्दांत जागा नाही, विरामचिन्हं नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. र तर शेजार बघून रूप पालटतो. त्यात घडीवर फाटलेला कागद, पसरलेली शाई. तासभर डोळे ताणले की कशीबशी दीड ओळ लागते. एकट्यानं बसणाऱ्याचा कागद इथेच कपाटात जातो आणि पुन्हा निघत नाही. आमच्या वर्गातल्या किती जणांचं असं झालं, आणि त्यात माझ्यापेक्षा हुशार माणसं होती.

जुन्या कागदांवरच्या शुहूर सनाचे, म्हणजे अरबी शब्दांत लिहिलेल्या वर्षाचे, आकडे माझ्या डोक्यात राहत नव्हते. भूमिअभिलेखमधून निवृत्त झालेले काका म्हणाले, ‘सगळे पाठ करू नकोस, एकच धर. इहिदे सितैन मया व अलफ.’ एक, साठ, शंभर, हजार. म्हणजे ११६१. त्यात ५९९ मिळवले की इसवी सन १७६०. हा सन मृगाला सुरू होतो, म्हणून जानेवारी १७६१ मधलं पानिपतही त्यातच येतं. त्या दिवसापासून आकडे लागायला लागले. काकांनाही नोकरीत नवे असताना शेजारच्या टेबलावरच्या कारकुनानं असंच एक उदाहरण देऊन शिकवलं होतं.

‘छान चाललंय, सोडू नका’ असं घरचे प्रेमानं म्हणतात, पण त्या शब्दांवर एक ओळही पुढे सरकत नाही. ‘मीही इथेच आठवडाभर अडलो होतो’ हे वाक्य मात्र सरकवतं. आपल्यापेक्षा चार पावलंच पुढे असलेल्या माणसाची वाट आपल्याला दिसते. सरांचं वाचन इतकं सहज असतं की त्यात वाट दिसतच नाही.

आज नर्सताईंनी त्यांच्या माहेरचं खरेदीखत आणलं होतं. मजकूर बराचसा लागला, शेवट लागेना. एम. ए. करणारा मुलगा ‘निशाणी’पर्यंत आला आणि थांबला. माझं लक्ष काकांकडे गेलं. त्यांना पुढचं दिसलं होतं, नक्की. पण त्यांनी पेन्सिल खाली ठेवली, चष्मा पुसत बसले, बोलले नाहीत. ताईंनी भिंग घेतलं, एकेक अक्षर पुटपुटत जोडलं आणि म्हणाल्या, ‘बांगडीची. निशाणी बांगडीची.’ लिहिता न येणारी बाई सहीच्या जागी बांगडी काढायची, शेतकरी नांगर काढायचा. खाली जो वाकडातिकडा गोल होता, तो शाईचा डाग आहे असं ताई इतके दिवस समजत होत्या. ती त्यांच्या पणजीची सही होती. मग कितीतरी वेळ आम्ही कुणी पुढे वाचलंच नाही.

काका बोलले असते तर अर्ध्या मिनिटात उत्तर मिळालं असतं, पण ते ताईंचं झालं नसतं. सोबतीला असलेल्या माणसानं कधी गप्प बसायचं, हे मला काकांकडून शिकायचं आहे. मुलगा अडला की माझ्या तोंडून शब्द लगेच निघतो.

तिसरी ओळ अजून वादात आहे. जमीन पाटस्थळ की मोटस्थळ? शेवटची अक्षरं स्पष्ट आहेत, पण सुरुवात नेमकी घडीवर आली आहे. मुलगा पाटस्थळावर ठाम आहे, मला मोटस्थळ वाटतं. ताई उद्या आईला फोन करून विचारणार आहेत, त्या शेताजवळून पाट जायचा की तिथे मोटेची विहीर होती.