हर्णैचा मुलगा कोणत्या पुस्तकात?

“काका, हा फेणे फुरसुंगीचा. मग हर्णैचा मुलगा कोणत्या पुस्तकात आहे?” आज आमच्या कोकणातल्या हर्णैच्या वाचनालयात ‘फास्टर फेणे’चे पुस्तक परत करताना एका सातवीतल्या मुलाने हे अगदी सहज विचारले आणि मला उत्तर देता आले नाही.

फास्टर फेणेचे लेखक भा. रा. भागवत यांचा जन्म १९१० साली इंदूरचा. १९५१ मध्ये त्यांनी ‘बालमित्र’ हे मासिक सुरू केले आणि ज्यूल व्हर्नच्या साहसकथा मराठीत आणून मुलांना समुद्राच्या तळापर्यंत नेले. मात्र स्वतःचा नायक घडवताना त्यांनी त्याला फुरसुंगी हे पुण्याजवळचे खरे गाव, पुण्यातली शाळा आणि सायकल दिली. मला वाटते, बनेश ऊर्फ फास्टर फेणे मुलांना आपला वाटतो तो या ओळखीच्या भूमीमुळेच.

इथे तर समोर भर समुद्रात सुवर्णदुर्ग उभा आहे. भरतीला कोणते खडक बुडतात आणि होडी कुठून सांभाळून काढावी लागते, हे त्या मुलाने मला पुस्तकाची नोंद होईपर्यंत इतक्या बारकाईने सांगितले की साहसकथेचे अर्धे प्रकरण तिथेच तयार झाले.

किनाऱ्यावरच्या लिहित्या मित्रांनो, उरलेले प्रकरण तुमच्यापैकी कोण लिहील?