सहाची रिंग चाळीसवर चालंल का? माझा अनुभव

हुपरीला चांदीचं काम करणाऱ्या आमच्या मावसकाकांकडे अल्ट्रासोनिक टाकी आहे. पैंजणांच्या बारीक कड्यांत बसलेला पॉलिशचा मळ ब्रशने निघत नाही, टाकीत निघतो. टाकीच्या तळाला चिकटवलेला एक ट्रान्सड्यूसर, म्हणजे विजेपासून कंपनं करणारं युनिट, गेला. जुन्या युनिटमधल्या पीझो रिंगा (व्होल्टेज दिलं की आकार बदलणाऱ्या सिरॅमिकच्या) ५ मिलिमीटर जाडीच्या होत्या, हाताशी आलेल्या ६ च्या. काका म्हणाले, "तू कंप्युटरवर कायबाय करतोस न्हवं? मग ही सहाची रिंग चाळीसवर चालंल का न्हाई, एवढंच सांग."

चाळीस म्हणजे ४० किलोहर्ट्झ, टाकीच्या कंपनांची फ्रिक्वेन्सी. मी शिरोलीत कास्टिंगचं ॲनालिसिस करतो. फायनाइट एलिमेंट, म्हणजे वस्तूचे बारीक तुकडे पाडून करायचा हिशोब, रोजचंच, पण ते ताण आणि तापमानाचं. पीझोमध्ये प्रत्येक नोडला (तुकड्यांच्या सांध्याला) विस्थापनासोबत व्होल्टेजही असतं आणि दोन्ही एकमेकांना ओढतात. शिकवणीचे व्हिडिओ बघितले तर सगळीकडे तीच पट्टी, तिच्यावर तोच तुकडा आणि शेवटी रंगीत चित्र. मटेरियलचे आकडे कुठून आणले आणि कुठल्या क्रमाने भरले, यावर कोणी फारसं बोलत नाही. खरी मेहनत तिथेच आहे.

पॉवरच्या कामाला 'हार्ड' पीझेडटी (रिंगांचं पीझो सिरॅमिक) लागतं. मी पीझेडटी-४ चे प्रसिद्ध आकडे घेतले: डी-३३ (व्होल्टेजच्या दिशेने तुकडा किती ताणतो) २८९ पिकोकूलंब प्रति न्यूटन, डी-३१ (आडव्या दिशेने किती) उणे १२३, घनता ७५०० किलो प्रति घनमीटर. पुरवठादाराच्या कागदावर सापेक्ष परमिटिव्हिटी (विद्युतभार साठवण्याची क्षमता) १३०० एवढीच छापलेली. हा आकडा मोकळ्या, ताण नसलेल्या तुकड्याचा. ॲन्सिस या सॉफ्टवेअरला कडकपणा आणि ई-मॅट्रिक्स (ताण आणि वीज यांना जोडणारे आकडे) दिलं की, वेगळं काही न सांगितल्यास, ते परमिटिव्हिटी जखडलेल्या तुकड्याची धरतं. ती पीझेडटी-४ साठी ६३५, म्हणजे जवळजवळ निम्मी.

म्हणून ट्रान्सड्यूसरला हात लावण्याआधी नुसता १० मिलिमीटरचा ठोकळा घेतला. वरखाली इलेक्ट्रोड, १००० व्होल्ट. उंची डी-३३ गुणिले व्होल्टेज, म्हणजे ०.२८९ मायक्रॉनने वाढायला हवी आणि रुंदी ०.१२३ मायक्रॉनने कमी व्हायला हवी. हा हिशोब कागदावर दोन ओळींत होतो. कपॅसिटन्स मोकळा असताना ११५ पिकोफॅरडच्या आसपास, सगळ्या बाजूंनी जखडला की ५६. मुद्दाम ६३५ च्या जागी १३०० टाकून पाहिलं, तर मोकळा ठोकळा १७० च्या वर गेला. गंमत म्हणजे विस्थापन मात्र अगदी बरोबर आलं. नुसतं विस्थापन तपासणारा इथे हमखास फसतो.

दुसरी खाच क्रमाची. छापील तक्त्यांत कातर (तिरकं सरकवणारे) घटक वायझेड, एक्सझेड, एक्सवाय असे येतात. ॲन्सिसमध्ये एक्सवाय, वायझेड, एक्सझेड. पीझेडटी-४ चे ते कडकपणाचे आकडे २५.६ आणि ३०.६ गिगापास्कल, इतके जवळचे की अदलाबदल झाली तरी डोळ्यांना खटकत नाही. वरच्या ठोकळ्यालाही ती कळत नाही, कारण त्यात कातर ताण नाहीच. त्यासाठी इलेक्ट्रोड बाजूच्या पृष्ठांवर लावून ठोकळा तिरका किती सरकतो ते पाहिलं. डी-१५ हा ४९६ असल्याने उत्तर ०.४९६ मायक्रॉन हवं.

मग खरं युनिट. मागे पोलादी तुकडा, मध्ये दोन रिंगा, पुढे ॲल्युमिनियम, सगळं एका बोल्टने आवळलेलं. पहिल्या महायुद्धात पॉल लांजव्हँ यांनी पाणबुड्या शोधण्यासाठी रचलेल्या ट्रान्सड्यूसरचाच हा वंशज. वस्तू गोल, म्हणून अक्षसममित मॉडेल केलं. लॅपटॉपवर चुटकीसरशी सुटतं. मात्र ॲन्सिस तिथे वाय हा मधला अक्ष धरतं, म्हणून ३ च्या दिशेचे सगळे आकडे २ वर हलवावे लागतात.

दोन रिंगांचं पोलिंग, म्हणजे ध्रुवणाची दिशा, एकमेकांच्या उलट असतं. मधल्या पितळी पत्र्याला व्होल्टेज, दोन्ही टोकं अर्थ. मॉडेलमध्ये दोन्ही रिंगांना एकच मटेरियल दिलं तर एक फुगते, दुसरी आकसते आणि ४० च्या आसपास इम्पीडन्सला (युनिट विजेला करतं त्या विरोधाला) रेझोनन्सचा खळगाच पडत नाही. उपाय सोपा: दुसरं मटेरियल करायचं आणि त्यात फक्त ई-मॅट्रिक्सची चिन्हं उलटायची. कडकपणा आणि परमिटिव्हिटी तीच.

पत्र्याचे सगळे नोड एका व्होल्टेजला बांधले. ते शून्य ठेवून मोडल (नैसर्गिक फ्रिक्वेन्सी काढणारं ॲनालिसिस) केलं की रेझोनन्स मिळतो, मोकळे सोडले की अँटी-रेझोनन्स, जिथे इम्पीडन्स सर्वांत जास्त असतो. हार्मोनिकला (एकेका फ्रिक्वेन्सीला प्रतिसाद काढणाऱ्या ॲनालिसिसला) डॅम्पिंग रेशो ०.००१ दिला, कारण पीझेडटी-४ चा यांत्रिक क्यू (जितका जास्त तितकं डॅम्पिंग कमी) ५०० च्या घरातला. डॅम्पिंग न देता काढलेल्या शिखराच्या उंचीला काही अर्थ नसतो.

आधी ५ च्या रिंगा. काकांकडचं एक चांगलं, न चिकटवलेलं युनिट फंक्शन जनरेटर आणि ऑसिलोस्कोपवर मोजलं, तर मॉडेल त्याच्यापेक्षा थोडं वर निघालं. ते अपेक्षितच होतं: मॉडेलमध्ये सगळे जोड एकजीव, प्रत्यक्षात बोल्टच्या आवळण्यावर सगळं अवलंबून. तो फरक मनात धरून ६ च्या रिंगा टाकल्या. फ्रिक्वेन्सी खाली आली. मग ॲल्युमिनियमची लांबी कमी करत गेलो, तेव्हा दीड-दोन मिलिमीटरमध्ये ती जागेवर आली. उद्यमनगरातल्या लेथवर तेवढं फेसिंग मारून घेतलं, आवळलं, मोजलं. जनरेटरच्या पट्ट्यात बसलं.

काकांच्या प्रश्नात नसलेली एक गोष्ट मॉडेलने वर सांगितली. जाड रिंगांमुळे युनिटचा कपॅसिटन्स ४.४ वरून ३.७ नॅनोफॅरडवर येतो आणि जनरेटरमधली कॉइल जुन्या आकड्याला जुळवलेली आहे. तिचा इंडक्टन्स वाढवायला हवा. बाकीची युनिटं ५ च्या रिंगांवरच असल्याने एकासाठी कॉइल उघडायची, की एकदमच सगळ्या रिंगा बदलायच्या, यावर काका आणि त्यांच्या इलेक्ट्रिशियनचं अजून एकमत व्हायचंय.