तांब्या भरलेलाच होता

"काका, कधीपासून त्रास होतोय?"

बाबांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे. "तू जरा बाहेर बस." दार लोटताना कानावर आलंच, "झाले असतील पंधरा दिवस."

पंधरा दिवस! आईला एवढंच म्हणाले होते, उन्हाळी लागलीय. धने-जिऱ्याचं पाणी चालू होतं. काल रात्री हुडहुडी भरून ताप आला, तेव्हा कुठे कळलं.

डॉक्टरांनी नंतर मला आत बोलावून समजावलं. पुरुषांची मूत्रनलिका साधारण 20 सेंटिमीटर, बायकांची जेमतेम 4. म्हणून तरुण पुरुषांना लघवीच्या मार्गाचा हा संसर्ग सहसा होत नाही. पन्नाशीनंतर मात्र बऱ्याच जणांची प्रोस्टेट, म्हणजे मूत्राशयाखालची ग्रंथी, वाढते, लघवी पूर्ण सुटत नाही, साचलेल्या लघवीत जंतू वाढतात. आधी लघवीचा नमुना कल्चरला, म्हणजे कोणते जंतू आहेत ते शोधणाऱ्या तपासणीला, मग लगेच अँटिबायोटिक. "बरं वाटलं तरी गोळ्या मध्येच सोडायच्या नाहीत," हे त्यांनी दोनदा सांगितलं.

घरी आल्यावर बाबांच्या उशाशी तांब्या दिसला. काठोकाठ भरलेला, वर फुलपात्र उपडं. आई म्हणाली, रात्री सारखं उठावं लागतं म्हणून ते संध्याकाळनंतर पाणीच पीत नाहीत. कित्येक महिने. ती रोज रात्री तांब्या भरते आणि सकाळी तेच पाणी तुळशीला घालते.

मी रोज त्या खोलीतून ये-जा करतो.

गुडघा दुखला की बाबा मला हक्काने हाक मारतात. हे मात्र एकट्याने सोसलं. तुमच्या घरचे बाबा, काका, आजोबा असलं दुखणं कोणाला सांगतात?