शाळा बघायला निघालोय, हेलसिंकी नव्हे

पहिला वाद तारखेवरून झाला. टूरवाल्याने जूनचा पहिला आठवडा सुचवला होता. तिकीट स्वस्त, हवा छान, रात्री दहालाही उजेड. संस्थेच्या मंडळींना ते लगेच पटलं, कारण तेव्हा आपल्याकडेही सुट्टी. मी एवढंच विचारलं, "शिक्षक शाळा बघायला चाललेत ना? मग तेव्हा तिथल्या शाळा उघड्या तरी हव्यात." फिनलंडात मे सरता सरता शाळा सुटतात, त्या थेट ऑगस्टच्या मध्याला भरतात. जूनमध्ये गेलो असतो तर बंद इमारतींसमोर ग्रुप फोटो काढून परत आलो असतो. ऑक्टोबरच्या मध्यावर दक्षिण फिनलंडात आणखी एक आठवड्याची सुट्टी पडते, तीही चुकवायची. यंदा दिवाळी नोव्हेंबरात आली हे बरं झालं. भाऊबीज आटोपली की निघायचं ठरलं. त्या दिवसांत राजधानी हेलसिंकीला साडेआठच्या सुमारास उजाडतं आणि चारच्या आत सूर्य मावळतो, हे ऐकून टूरवाल्याचा चेहराच पडला. "मग साइटसीइंगचं काय, मॅडम?" तर साइट म्हणजे वर्ग, असं त्याला सांगितलं. त्याला ते अजून पटलेलं नाही.

मी चोपड्याची, निवृत्त केंद्रप्रमुख. मागे एका गटाबरोबर फिनलंडला जाऊन आले होते, म्हणून जळगाव जिल्ह्यातल्या एका संस्थेने आपल्या शिक्षकांची तयारी करून घ्यायचं काम माझ्याकडे दिलं. गटात यावल, रावेर, पारोळा, अमळनेर अशा सगळीकडचे लोक आहेत, आणि पाटील इतके आहेत की आडनावाने हाक मारायची सोय नाही.

कागदपत्रांबद्दल थोडक्यात सांगते, कारण तो भाग कंटाळवाणा आहे आणि तरी सगळ्यात जास्त वेळ तोच खातो. नाव हा आमचा मुख्य आजार. मॅडमलोकांची पदवी माहेरच्या नावाने, सेवापुस्तक सासरच्या नावाने, पॅनकार्डावर दोन्हीची खिचडी. पासपोर्टावर जे असेल तेच अक्षर न् अक्षर विमानाच्या तिकिटावर हवं, हे फळ्यावर लिहून ठेवलं. जन्मतारखेची गंमत वेगळीच. गटातल्या निम्म्याहून जास्त लोकांचा जन्म १ जूनचा! आमच्या पिढीला शाळेत घालताना गुरुजींनी अंदाजाने वर्ष आणि सोयीने तारीख टाकली, त्याचं हे फळ. कुणी विचारलंच तर न हसता "हो, हीच माझी जन्मतारीख" म्हणा, एवढी तालीम घेतली.

शेंगेन व्हिसासाठी, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या व्हिसासाठी, पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला, परतीच्या तारखेपुढे किमान 3 महिने चालणारा आणि दोन पानं कोरी असलेला लागतो. 30,000 युरोंचं विमा संरक्षण लागतं. फी 90 युरो. फोटो ठरलेल्या मापाचा, आणि इथेच घोळ होतो, कारण आपले स्टुडिओवाले प्रेमाने चेहरा गोरा करून देतात आणि कपाळावरच्या सुरकुत्या पुसतात. तसा फोटो चालत नाही. रावेरच्या एका मॅडमना स्वतःचा खरा फोटो पाहून आठवडाभर वाईट वाटत होतं. परदेशी जाण्याच्या परवानगीची फाइल कोणत्या टेबलावर किती दिवस बसली, ते सांगत नाही.

खरी तयारी सुरू झाली ती व्हॉट्सअ‍ॅपवरचं फिनलंड डोक्यातून काढण्यापासून. "तिथे परीक्षा नाही, गृहपाठ नाही, फिनलंड जगात पहिला." प्रत्येकाकडे हा मेसेज होता, काहींनी तो भाषणातही वापरलेला. गृहपाठ असतो, कमी असतो. शिक्षक मूल्यमापन करतातच, आणि उच्च माध्यमिकच्या शेवटी मोठी राष्ट्रीय परीक्षाही असते. पहिल्या नंबराचं म्हणाल, तर पंधरा वर्षांच्या मुलांची जी पिसा नावाची आंतरराष्ट्रीय चाचणी होते तिच्यात 2000 साली वाचनात फिनलंड वरचा होता, हे खरं. पण गणितात 2006 ला 548 गुण होते, ते 2022 ला 484 वर आले. त्याच वेळी सिंगापूर 575 वर होतं. आणि आपण? 2009 च्या फेरीत हिमाचल प्रदेश आणि तमिळनाडू उतरले, यादीच्या तळाशी आले, पुढच्या फेऱ्यांत भारत उतरलाच नाही. हे आकडे फळ्यावर लिहिल्यावर अमळनेरचे एक सर म्हणाले, "मग जायचं कशाला?" हा प्रश्न कुणीतरी विचारावा म्हणूनच मी ते लिहिले होते. घसरणारा देश आपल्या घसरणीबद्दल काय बोलतो, ते ऐकायलाही जाण्यासारखं असतं.

आणखी एक हिशेब करून घेतला. फिनलंडचं क्षेत्रफळ महाराष्ट्रापेक्षा थोडं जास्त, आणि माणसं सुमारे 56 लाख. 2011 च्या जनगणनेत जळगाव आणि धुळे या दोन जिल्ह्यांतच त्याहून जास्त होती. तेव्हा "त्यांनी केलं, आपण का नाही?" हे वाक्य अहवालात लिहायला मी आधीच बंदी घातली.

यानंतर परदेशाआधीचा प्रवास. चोपडा तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी एका पाड्यावर जिल्हा परिषदेची द्विशिक्षकी शाळा आहे, मुलं पावरा आदिवासी समाजाची. सगळ्यांना जीपने तिथे नेलं आणि वर्गाच्या मागे बसवलं. पाऊण तास बघा आणि लिहा, एवढंच सांगितलं. बाहेर आल्यावर वह्या वाचल्या. "वातावरण आनंददायी होते." "विद्यार्थी शिस्तप्रिय आहेत." "अध्यापन प्रभावी." "भिंती बोलक्या." एका वहीत तर "गुणवत्ता समाधानकारक, सुधारणेस वाव" असं होतं. सगळी लॉगबुकाची, म्हणजे तपासणीच्या शेरेवहीची भाषा! मला हसू आलं आणि थोडा रागही. मग वाटलं, यांचा दोष नाही. आपल्या नोकरीत वर्गाच्या मागे येऊन बसलेला माणूस म्हणजे तपासणीवालाच. दुसऱ्याचा वर्ग बघायचा म्हणजे शेरा मारायचा, हेच आपण शिकलो. फिनलंडने शाळांची तपासणी 1990 च्या दशकाच्या सुरुवातीलाच बंद केली. तिथे जाऊन आपण मनात लॉगबुक उघडून बसणार असू, तर त्या वर्गात बसण्यात अर्थ नाही.

दुसऱ्या खेपेला नियम केला: डोळ्यांना दिसलं आणि कानांना ऐकू आलं तेवढंच लिहायचं. विशेषण सापडलं तर खोडायचं. कोणत्या मुलाने किती वेळा तोंड उघडलं? मागच्या ओळीतली मुलगी काय करत होती? चुकलेल्या उत्तरानंतर गुरुजी काय म्हणाले, शब्दशः? आणि मोबाइलचं स्टॉपवॉच लावून मोजा, प्रश्न विचारल्यावर गुरुजी किती सेकंद थांबतात.

हा थांबण्याचा मुद्दा माझा नव्हे. मेरी बड रो या अमेरिकन संशोधक बाईंनी 1970 च्या दशकात वर्गांची रेकॉर्डिंग ऐकून ऐकून मोजलं होतं. शिक्षक प्रश्न विचारून सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात, मग स्वतःच उत्तर देतात किंवा दुसऱ्याकडे वळतात. तेच तीन सेकंद किंवा जास्त थांबलं, की उत्तरं लांबतात आणि एरवी गप्प असणारी मुलं बोलू लागतात.

पाड्यावरचे गुरुजी चांगले चार-पाच सेकंद थांबत होते. त्यांना रो बाई माहीत नाहीत. विचारलं तर म्हणाले, "मुलं घरी पावरी बोलतात मॅडम. मी मराठीत विचारलं की आधी ती मनात पावरीत करतात, मग उत्तर पुन्हा मराठीत आणतात. मधे मी बोललो तर सगळं सांडतं." मग सगळ्यांनी आपापल्या वर्गात मोबाइल लावून स्वतःला मोजलं. यावलच्या गणिताच्या मॅडमनी पुढच्या बैठकीत रेकॉर्डिंग ऐकवलं. प्रश्न संपायच्या आत त्यांचं "हं, बोला, कोण सांगणार, अरे काल तर शिकवलं" सुरू! ऐकून आधी त्याच खो-खो हसल्या. दौऱ्याच्या खर्चातला जीपच्या भाड्याचा भाग सगळ्यात कमी होता, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त वसूल तोच झाला.

इंग्रजीची भीती होतीच. तिथल्या शिक्षकांचीही ती मातृभाषा नाही, हे सांगितल्यावर थोडी कमी झाली. प्रत्येकाने आपल्या शाळेबद्दल तीन मिनिटं बोलायचं असा सराव लावला, तर अडलं ते इंग्रजीपाशी नव्हतंच. पटावर मुलं किती, घरी कोणती बोली, शेतीच्या हंगामात किती मुलं गैरहजर, हे मराठीतसुद्धा सांगता येईना. यजमान हेच विचारणार. तिथली दुपारची जेवणं पाहून भारावून जाऊ नका, असंही बजावलं. त्यांच्याकडे शाळेत मोफत जेवण 1948 पासून आहे. आपली राष्ट्रीय योजना 1995 ची, आणि ताटांची संख्या पाहिली तर आपल्यापुढे ते चिमुकले. आपण त्यांना विचारायचं ते वेगळं. मागे पडलेल्या मुलासाठी शाळेतच जो विशेष शिक्षक असतो, तो नेमकं काय करतो? मुलाला वर्गातून बाहेर नेतो की वर्गात शेजारी बसतो? बाकीची मुलं त्याला काय म्हणतात?

सामानाच्या बैठकीला मात्र शंभर टक्के हजेरी. पारोळ्याच्या सरांचा एकच प्रश्न, "बाई, तठे थंडी कितली ऱ्हास?" शून्याच्या आसपास, वर ओला वारा. मे महिन्यात 45 अंश सोसणाऱ्या माणसाला ते कसं समजावणार? थरावर थर घाला, बूट पाणी न शिरणारे घ्या आणि मोजे चांगले घ्या. तिथे बऱ्याच शाळांत बाहेरचे बूट काढून मोज्यांवर वावरतात, आपल्या झेडपीच्या शाळेत चपला व्हरांड्यात ठेवतात तसंच. अंगठा बाहेर आलेला मोजा घालून खान्देशची शोभा नको. अंधारात चालताना कोटावर रिफ्लेक्टर लटकवायचा, सात वर्षांची पोरंसुद्धा तो लावून एकटी शाळेत जातात.

खाण्याचं ऐका. युरोपीय संघात बाहेरून दूध आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणून पेढे आणि तूप घरीच. ताजी फळंही प्रमाणपत्राशिवाय चालत नाहीत, आंबासुद्धा नाही. अपवाद फक्त पाच: अननस, नारळ, ड्युरियन, खजूर आणि केळी! रावेरच्या मंडळींनी यावर जो जल्लोष केला, तो व्हिसा मिळाल्यावरही झाला नव्हता. जळगावच्या केळीला 2016 ला भौगोलिक मानांकन मिळालंय, ते यजमानांना सांगायची जबाबदारी त्यांनी आपणहून घेतली. केळी विमानात काळी पडतील, वेफर्स न्या, असं मी सुचवून पाहिलं. कुणी ऐकलं नाही.

आता एकच मोठा वाद उरलाय, फोटोंचा. आपल्याला कोणताही उपक्रम केला की फोटो ग्रुपवर टाकायची सवय, नाहीतर उपक्रम झालाच नाही असं धरतात. तिथे पालकांच्या संमतीशिवाय मुलांचे फोटो काढायचे नाहीत. मी सांगितलंय, वर्गात शिरताना मोबाइल पिशवीत, हातात वही. स्टॉपवॉचसाठी मनगटी घड्याळ घाला. संस्थेच्या एका पदाधिकाऱ्यांनी विचारलं, "मग पुरावा काय?" वह्या, म्हटलं.

परत आल्यावर डिसेंबरात एका शनिवारी सगळे पुन्हा पाड्यावर जाणार आहेत. तिथल्या गुरुजींनीच बोलावलंय. "तिकडे काय पाहिलं ते विशेषणं खोडून मलाही वाचून दाखवा," म्हणाले. नंतर ते यावलच्या मॅडमच्या वर्गात मागे बसणार आहेत, तसा शब्द त्यांनी घेतलाय. तिकडे संस्थेने सत्काराच्या फ्लेक्सची मापं मागवली आहेत. मुलांचा एकही फोटो नसताना त्यावर काय छापणार, हा त्यांचा प्रश्न आहे; मी रिफ्लेक्टर मोजत बसले आहे, दोन अजून कमी पडतायत.