झुरिक बंद, चौतीस माणसं आणि तारखेला बांधलेली व्हाउचरं

१७ एप्रिल २०१०, शनिवार. सकाळी साडेसहाला ल्युसर्नजवळच्या आमच्या हॉटेलच्या रिसेप्शनवर बातमी पक्की झाली: मध्यरात्रीपासून स्वित्झर्लंडची हवाई हद्द बंद. आइसलँडमधल्या एयाफ्यात्लायोकुत्ल ज्वालामुखीची राख गुरुवारपासून दक्षिणेकडे सरकत होती. लंडन गुरुवारी दुपारी बंद झालं, मग ॲमस्टरडॅम, पॅरिस, फ्रँकफर्ट. आमची चौतीस पर्यटकांची पार्टी, आणि मी त्यांचा टूर मॅनेजर, त्याच दुपारी झुरिकहून मुंबईला निघायचे होतो. बॅगा आदल्या रात्रीच भरून दाराबाहेर ठेवलेल्या.

युरोपच्या टूरमध्ये टूर मॅनेजरच्या हाती एक जाड फाइल असते. हॉटेलांची, जेवणाची, बोटीची, केबल कारची, कोचची म्हणजे टूरच्या बसची व्हाउचरं, तारखेनुसार लावलेली. पैसे आधीच भरलेले असतात, म्हणून दर स्वस्त पडतो. पण प्रत्येक व्हाउचर त्याच दिवशी, त्याच वेळी, तेवढ्याच माणसांना चालतं. त्या सकाळी फाइलमध्ये शेवटचं एकच पान उरलं होतं, कोचने विमानतळावर सोडण्याचं. त्यापुढे चौतीस माणसांच्या नावावर काहीच नव्हतं. ना खोली, ना जेवण, ना गाडी. दोन दिवसांनी विमाही संपणार होता.

अशा वेळी मनात पहिलं येतं की विमानतळावर तरी जाऊ, तिथे कोणीतरी सांगेल. बंद विमानतळावर पार्टी न्यायची नाही, हा माझ्या मते या धंद्यातला सगळ्यात महत्त्वाचा नियम. तिथे रांगा असतात, बसायला जागा नसते, आणि मुख्य म्हणजे हॉटेलची खोली हातची गेलेली असते. आधी खोल्या धरायच्या, मग बाकीचं. सात वाजायच्या आत हॉटेलच्या मॅनेजरकडे अठरा खोल्या आणखी एका रात्रीसाठी ग्रुप रेटने मागितल्या, आणि मिळाल्या. कारण साधं होतं. त्या खोल्यांत संध्याकाळी जी पार्टी उतरायची होती तीही विमानानेच येणार होती. विमानतळाजवळच्या हॉटेलांत पाय ठेवायला जागा नव्हती आणि तास-दीड तासावरच्या गावांत खोल्या रिकाम्या पडल्या होत्या. मात्र ही मागणी सकाळी सातला करावी लागते. दुपारी बाराला सगळ्यांना तेच सुचलेलं असतं आणि दर बदललेला असतो.

दुसरा प्रश्न कोचचा. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, गाडी दारात आहे, ड्रायव्हर आहे, विमानं चालू असतील त्या गावी चला. रोम चालू होतं. ल्युसर्न ते रोम अंतर साधारण सव्वाआठशे किलोमीटर. पण युरोपात कोचच्या डॅशबोर्डमध्ये टॅकोग्राफ असतो आणि त्यात ड्रायव्हरचं कार्ड. गाडी किती वेळ चालली, किती वेळ थांबली, सगळं त्यावर उमटतं. साडेचार तास चालवलं की पंचेचाळीस मिनिटं थांबायचं. दिवसाला नऊ तास, आठवड्यातून दोनदाच दहा. आणि सहा दिवस झाले की साप्ताहिक विश्रांती, पूर्ण घेतली तर पंचेचाळीस तास, कमी केली तर चोवीस. परदेशी सहलीच्या कोचला सलग बारा दिवसांची सवलत पूर्वी होती. ती २००७ साली काढली गेली आणि पुन्हा मिळाली ती जून २०१० मध्ये. आमच्या नेमकी कामाची नाही.

आमच्या ड्रायव्हरने रविवारी दुपारी दोनला पॅरिसमध्ये पार्टी उचलली होती, म्हणजे त्याची मुदत या शनिवारी दुपारी दोनला संपत होती. कार्डाचा छापील कागद त्याने नाश्त्याच्या टेबलावर पसरला आणि बोटाने रेघा दाखवल्या. मागच्या आठवड्यात त्याने पूर्ण पंचेचाळीस तास घेतले होते, म्हणून या खेपेला चोवीसवर भागत होतं. सकाळी आठला गाडी बंद करून किल्ली खिशात टाकली तर रविवारी सकाळी आठला तो कायद्याने मोकळा. तेच आम्ही दहाला 'बघून येऊ' म्हणत झुरिकला गेलो असतो, तर परत येईपर्यंत दुपार झाली असती आणि रविवारचा अर्धा दिवस हातचा गेला असता. आठला पाच मिनिटं असताना त्याने गाडी मागच्या बाजूला लावली. कोचच्या मालकाची पुढची पार्टी येणार नव्हती, त्यामुळे गाडीही मिळाली.

मग तिकिटं. इथे त्या आठवड्यात हजारो लोक फसले, म्हणून जरा नीट सांगतो. युरोपियन युनियनचा २००४ सालचा २६१ क्रमांकाचा नियम स्वित्झर्लंडलाही लागू आहे. विमान रद्द झालं तर प्रवाशाने दोनपैकी एक निवडायचं: पैसे परत, किंवा दुसऱ्या मार्गाने घरपोच प्रवास. राख हे असाधारण कारण, म्हणून नुकसानभरपाई मिळत नाही. पण प्रवास मागितला तर विमान मिळेपर्यंत राहणं आणि जेवण देण्याची जबाबदारी विमान कंपनीवरच राहते. पैसे परत घेतले की ती जबाबदारी त्या क्षणी संपते. काउंटरवर गर्दी असताना 'रिफंड हवा का?' असं विचारलं की माणूस चटकन हो म्हणतो. आमच्या लोकांना सकाळीच सांगून ठेवलं, "काका, काकू, कोणाचाही मेसेज आला, फोन आला, तरी रिफंडला हो म्हणायचं नाही."

पस्तीस जणांचं एकच ग्रुप बुकिंग मात्र अशा वेळी गळ्यातला दगड होतं. एका विमानात पस्तीस जागा कुठून मिळणार? मुंबईचं ऑफिस आमच्यापेक्षा साडेतीन तास पुढे, तिथे साडेअकरा वाजले होते आणि शनिवार असूनही सगळे जागेवर होते. त्यांना बुकिंगचे तीन तुकडे करायला सांगितले: अकरा, बारा, आणि माझ्यासकट बारा. तुकडे पाडताना कुटुंबं फोडायची नाहीत. आणि पहिल्या तुकडीत कोण जाईल ते आडनावावरून ठरवायचं नाही, गोळ्यांवरून ठरवायचं.

सगळ्यांना आपापल्या गोळ्या घेऊन नाश्त्याच्या हॉलमध्ये बोलावलं. एका काकूंनी स्टीलचा छोटा डबा बशीत उपडा केला आणि चमच्याच्या दांड्याने एकेक गोळी बाजूला सारत मोजायला लागल्या. पांढऱ्या मधुमेहाच्या, गुलाबी रक्तदाबाच्या. पांढऱ्या चार, गुलाबी तीन. घरून निघताना दहा दिवसांच्या आणि वर चार अशा हिशेबाने आणल्या होत्या, पण त्यातल्या काही बरोबरच्या आजींना दिल्या होत्या. असं प्रत्येक टूरला होतं. चौतीसपैकी तेरा जण रोजच्या औषधावर होते, दोघे इन्सुलिनवर. माझ्या वहीत नाव, औषध, दिवसाला किती, उरल्या किती अशा रकाने पडले. युरोपातल्या फार्मसीला आपल्याकडचं कंपनीचं नाव कळत नाही, मूळ औषधाचं नाव लिहावं लागतं: मेटफॉर्मिन, ॲम्लोडिपिन, टेल्मिसार्टन, आणि पुढे मिलिग्रॅम. चिठ्ठीशिवाय देत नाहीत. मुंबईच्या ऑफिसने घरच्या डॉक्टरांकडून चिठ्ठ्या मागवून हॉटेलला फॅक्स केल्या, हॉटेलने स्थानिक डॉक्टरांची वेळ घेतली, दुपारी तीनपर्यंत गोळ्या हातात आल्या. पाच दिवसांहून कमी साठा असलेले, इन्सुलिनवाले आणि त्यांच्या बरोबरचे, असे अकरा जण पहिल्या तुकडीत.

व्हिसा हा आणखी एक काटा. शेंगेनच्या, म्हणजे युरोपातल्या अनेक देशांत मिळून चालणाऱ्या व्हिसाच्या, स्टिकरवर नुसती तारीख नसते, किती दिवस राहायचं तो आकडाही असतो. आमच्या स्टिकरवर आठ दिवस होते, रविवारी संपणारे. नशिबाने युरोपचा नवा व्हिसा कायदा बाराच दिवसांपूर्वी, ५ एप्रिलला लागू झाला होता. त्यात असा प्रसंग आला तर मुदत विनाशुल्क वाढवून देण्याचं कलम आहे. पण शनिवारी व्हिसाची कचेरी बंद. मग कागदच गोळा करायचे. विमान कंपनीकडून रद्द झाल्याचं पत्र, तुकडीनिहाय नवी तिकिटं, आणि नाव, पासपोर्ट क्रमांक, व्हिसा क्रमांक, मुदत अशी यादी. हॉटेलच्या कॉपी मशीनवर चौतीस संच काढून प्रत्येकाच्या पासपोर्टला एकेक टाचला. विम्याची मुदतवाढ मुदत संपायच्या आत मागावी लागते, संपल्यावर नाही. ती मुंबईने सकाळीच करून टाकली.

राख इतकी धोक्याची का, हे काही काका सारखं विचारत होते, कारण आभाळ लखलखीत निळं होतं. ही राख म्हणजे दगड आणि काचेची पूड. इंजिनच्या आतल्या उष्णतेत ती वितळते आणि टर्बाइनच्या पात्यांवर थिजून बसते, हवा कोंडते, इंजिन बंद पडतं. जून १९८२ मध्ये जावा बेटावरच्या गालुंगगुंगच्या राखेत एका जंबो जेटची चारही इंजिनं बंद पडली होती. डिसेंबर १९८९ मध्ये अलास्कात दुसऱ्याची. दोन्ही वेळा खाली आल्यावर इंजिनं पुन्हा चालू झाली आणि माणसं वाचली. तेव्हापासून राख दिसली की उडायचं नाही, हा दंडक होता. हवेत किती राख चालेल याचा आकडाच कोणी ठरवला नव्हता. तो त्या आठवड्यात, विमानं उभी असताना ठरला.

दिवसभर चौतीस माणसांना लॉबीत बसवून ठेवलं तर संध्याकाळपर्यंत भांडणं होतात. कोच नव्हता, म्हणून बोट धरली. ल्युसर्नहून व्हिट्झनाऊ बोटीने तासाभराचं, तिथून दातेरी रुळांची गाडी रिगी डोंगरावर जाते. आमच्या कार्यक्रमात रिगी नव्हतं, टिटलिस होतं. आपल्याकडच्या बहुतेक टूर्सना टिटलिस किंवा युंगफ्राऊच हवं असतं. मला विचाराल तर पर्यटनाच्या धंद्याची ओळख करून घ्यायला रिगीसारखी जागा नाही. व्हिट्झनाऊहून निघणारी ही गाडी १८७१ सालची, युरोपातली पहिली डोंगरी रेल्वे, आणि ती बांधली गेली तीच मुळी प्रवाशांसाठी, सूर्योदय बघायला वर जाणाऱ्यांसाठी.

त्याच्या आठ वर्षं आधी, १८६३ मध्ये, थॉमस कुकने इंग्लंडमधून स्वित्झर्लंडची पहिली पार्टी आणली. ती याच ल्युसर्नला आली होती आणि रिगीवर चालत गेली होती. कुकने सुरुवात केली ५ जुलै १८४१ ला, लेस्टर ते लफबरो, माणशी एक शिलिंग, दारूबंदीच्या सभेला जाणारे सुमारे पाचशे लोक. एकगठ्ठा तिकिटं घेऊन दर पाडायचा आणि माणसाची सगळी सोय एका हाताने करायची, आमचा धंदा आजही त्याच पायावर उभा आहे. पण कुकची एक गोष्ट आम्ही मागे सोडली. १८६८ पासून तो हॉटेलची कुपनं विकत असे. कुपनावर रात्रीची खोली, जेवण, नाश्ता लिहिलेला असे, आणि ते त्याच्या यादीतल्या कुठल्याही हॉटेलात चालत असे. पूर आला, घाट बंद झाला, आगगाडी चुकली, तर माणूस पुढच्या गावात तेच कुपन देऊन राही. १८७४ पासूनच्या त्याच्या सर्क्युलर नोटाही, म्हणजे ट्रॅव्हलर्स चेकसारखे कागद, तशाच, ठिकठिकाणी मोडता येणाऱ्या. मुंबईत त्याची कचेरी १८८१ मध्ये उघडली तेव्हा हाच माल विकायला होता. आमच्या व्हाउचरवर मात्र हॉटेल एक, तारीख एक. दर खाली आणता आणता ती सैलसर जागा आम्हीच कापत गेलो, आणि तिची किंमत मला त्या शनिवारी नीट कळली.

रिगीच्या माथ्यावर, १७९८ मीटरवर, बोचरा वारा होता. समोर आल्प्सची रांग. एरवी तिथल्या आभाळात विमानांच्या पांढऱ्या रेघा एकमेकींना छेदत असतात. त्या दिवशी एकही नव्हती.

रविवारी आठला निघालो. गोथार्डचा जवळपास सतरा किलोमीटरचा रस्त्याचा बोगदा, मग मिलानच्या अलीकडे पंचेचाळीस मिनिटं थांबा, मग बोलोन्याचा रस्ता. रोम एका दिवसात कोचला जमत नाही, जमवायचा प्रयत्नही करू नये. मुक्काम मोंतेकातिनी तेर्मेला. फ्लॉरेन्सजवळचं हे गाव ग्रुप टूरवाल्यांना चांगलं ठाऊक आहे. औषधी पाण्याच्या झऱ्यांसाठी उभी राहिलेली हॉटेलं आता कोचच्या पार्ट्यांवर चालतात, त्यामुळे रात्री नऊलाही पस्तीस ताटं लागतात. जैन जेवणासाठी सकाळीच फोन केला होता: कांदा, लसूण, बटाटा नाही, टोमॅटोचा पास्ता आणि शिजवलेल्या भाज्या. ऐन वेळी सांगितलं तर स्वयंपाकघर चिडतं आणि त्यांचं चुकतही नाही.

सोमवारी दुपारी रोम. पहिली तुकडी त्याच रात्री आखातमार्गे निघाली, दुसरी मंगळवारी सकाळी. मंगळवारी, २० तारखेला, सकाळी आठला झुरिकही उघडलं. मग उगाच आलो का, असं एका दादांनी विचारलं. त्यांना झुरिकच्या प्रतीक्षायादीचा आकडा दाखवला. चार दिवसांचे प्रवासी एका दिवसात निघत नाहीत, ते नेहमीच्या विमानांतल्या उरलेल्या जागांतच थोडे थोडे बसवले जातात.

शेवटची तुकडी मंगळवारी रात्री रोमच्या फ्युमिचिनो विमानतळावर इमिग्रेशनला उभी राहिली. स्टिकरवरचे दिवस संपून दोन दिवस झाले होते. अधिकाऱ्याने स्टिकर पाहिलं, टाचलेला संच उलगडला, विमान कंपनीच्या पत्रावरची तारीख आणि स्टिकरची तारीख बोटाने जुळवली, आणि शिक्का मारला. मागच्या काकूंना त्याने संच उघडायला लावलाच नाही. नुसता टाचणीचा कोपरा बघून पासपोर्ट परत सरकवला.