एकावन्न रुपये जास्त

आमच्या मंडळाचा हिशोब आता पीडीएफमध्ये येतो. वर्गणी क्यूआर कोडवर, पावती मोबाइलवर आणि अनंत चतुर्दशीनंतर आठवड्याभरात जमाखर्च सगळ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर. लोक अंगठा दाखवतात आणि मोकळे होतात. सोय आहे, नाही म्हणत नाही. पण परळच्या आमच्या चाळीत वाढलेल्या कुणालाही विचारा, वर्षातला सगळ्यात रंगणारा कार्यक्रम कोणता? तो भजनाची डबलबारी सांगणार नाही, की रस्त्यावर पडदा बांधून दाखवलेला सिनेमा सांगणार नाही. हिशोबाची सभा सांगेल.

विसर्जनानंतरच्या रविवारी जेवणं उरकली की चाळीच्या पटांगणात ही सभा भरायची. मांडव उतरलेला, बांबूंचे खड्डे तसेच, कोपऱ्याकोपऱ्यात गुलाल. पुरुष सतरंजीवर, बायका वर गॅलरीत कठड्याला टेकून. बायकांना सभेत मत नव्हतं, पण वरून येणारा आवाज थांबवायची कुणाची छातीही नव्हती. "चहाला अडतीस रुपये? दूध काय म्हशीसकट आणलंत?" असं वरून आलं की खाली कमिटीची मान खाली.

खजिनदार काका पोस्टात होते. संध्याकाळी गल्ल्यात रुपया कमी पडला तर तो खिशातून भरायचा, ही तिथली सवय त्यांनी मंडळातही आणलेली. उभं राहून, चष्मा कपाळावर चढवून ते वही वाचायचे. "नारळ, नग सात. पैकी एक सडका, दुकानदाराने बदलून दिला नाही." सडका नारळही वहीत! आम्ही पोरं तोंडात रुमाल कोंबून हसायचो. पण झोपायला कुणी जायचं नाही.

१९८३ची सभा मात्र वेगळी होती.

१८ जानेवारी १९८२ला डॉ. दत्ता सामंतांच्या हाकेवर अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार संपावर गेले, हे आता पुस्तकात वाचायला मिळतं. आमच्यासाठी संप म्हणजे भोंग्याशिवायची सकाळ आणि दिवसभर गॅलरीत बसलेला बाप. फळीवरची पितळेची भांडी एकेक करत गेली. आधी पातेली, मग घागर, शेवटी आजीचा डबा. एक तांब्या तेवढा राहिला, कारण देवाला पाणी कशाने घालायचं? त्या गणपतीपर्यंत संपाला वीस महिने होत आले होते.

कमिटीने ठरवलं, घरटी अकरा रुपयांचा नियम बंद, ज्याला जे जमेल ते. जूनमध्ये कपिलदेवने वर्ल्ड कप आणला होता, म्हणून आम्हा पोरांना थर्माकोलचा लॉर्ड्स हवा होता. त्याऐवजी बाप्पाच्या मागे कुणाच्या तरी लग्नातला जांभळा पडदा लागला. मी अकरा वर्षांचा. अक्षर बरं म्हणून एक पावतीपुस्तक माझ्या हाती. दारात उभं राहिलो की लोक माझ्याऐवजी पुस्तकाकडे बघायचे. "पुढच्या आठवड्यात ये रे." खानावळ चालवणाऱ्या मावशींनी चिल्लर मोजून दोन रुपये दिले. मला कसंसंच झालं आणि मी पावतीवर पाच लिहिले. त्यांना वाचता येत नव्हतं, तरी आकडा कळायचा. "दोनच लिही. देवाला काय उधारीवर फसवायचंय?" मी खोडलं आणि बाजूला सही केली, काकांनी शिकवली होती तशी.

आणि मग तात्या. तिसऱ्या मजल्यावरचे, साताऱ्याकडचे, गिरणीच्या साचेखात्यातले. जिन्यात गाठून त्यांनी चार घड्या घातलेल्या नोटा माझ्या मुठीत कोंबल्या. एकावन्न रुपये. "पावती नको. नाव नको. आणि कुणाला बोलायचं नाही." मी गणपतीची शप्पथ म्हटलं आणि पैसे डब्यात टाकले. एवढे पैसे त्यांच्याकडे आले कुठून हे मला कळत नव्हतं असं नाही. पहाटे ते चपला हातात घेऊन जिना उतरायचे, लाकडी पायऱ्या वाजू नयेत म्हणून. मी एकदा पाहिलं होतं.

सभेत काकांनी खर्च वाचला आणि अडले. वहीप्रमाणे शिल्लक ८६ रुपये. डब्यात १३७.

"जास्तच आहेत ना? मग देवाची कृपा म्हणा आणि मिटवा," कुणीतरी म्हणालं.

"कमी असते तर मी भरले असते," काका म्हणाले. "जास्त आहेत म्हणजे कुणाचे तरी आहेत."

झालं. स्थळप्रती निघाल्या, बेरजा पुन्हा झाल्या. साडेबारा वाजले तरी एकावन्न रुपये आपले बसलेलेच. शेवटी पावतीपुस्तकवाली आम्ही तीन पोरं उभी केली गेली. दोघांनी माना हलवल्या. माझी पाळी आली. दुसऱ्या रांगेत बाबा बसले होते आणि त्यांच्या नजरेला नजर द्यायची नाही एवढंच मी ठरवलं होतं. पुढे काय बोलणार होतो, देव जाणे. मागून आवाज आला.

"पोराला नका विचारू. पैसे माझे आहेत."

"मग पावती का नाही घेतलीत, तात्या?"

"गेल्या महिन्यापासून आत जातोय."

आत म्हणजे कुठे, हे कुणाला विचारावं लागलं नाही. गॅलरीतला आवाजही बंद झाला. मग चपला शोधल्याचा आवाज. सगळ्यात आधी उठले ते माझे बाबा. त्यांच्यामागे आठ-दहा जण. कुणी शिवी दिली नाही. ती दिली असती तर बरं, असं मला तेव्हा वाटलं होतं आणि आजही वाटतं.

काका खाली बसले. कोरी पावती काढली, कार्बन सरळ केला. "पूर्ण नाव सांगा." वीस वर्षं एका चाळीत राहिलेला माणूस! तात्यांनी नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट. काकांनी लिहिलं, पावती फाडली, स्वतः चालत जाऊन त्यांच्या हातात दिली, आणि जागेवर येऊन उरलेल्या लोकांना वाचून दाखवलं, "शिल्लक एकशे सदतीस. हिशोब बरोबर."

घरी दिवा मालवल्यावर बाबांनी विचारलं, "तुला माहीत होतं?"

"हो."

"सांगितलं असतंस?"

मी झोपल्याचं सोंग घेतलं.

पुढच्या महिन्यात कोजागरी आली. दरवर्षीसारखे सगळे गच्चीवर. त्या वर्षी दुधात पाणी जास्त, आणि वेलदोड्याच्या नावाने नुसती सालं. तरी भेंड्या झाल्या, बायकांनी फेर धरला, मावशींनी नवऱ्याचं नाव उखाण्यात घेताना सगळ्यांना रडेपर्यंत हसवलं. तात्यांच्या घरचं कुणी वर आलं नव्हतं. त्यांच्याविषयी कुणी बोललंही नाही. बारा वाजून गेल्यावर बाबांनी देवाजवळचा तांब्या मागवला, पातेल्यातलं दूध त्यात ओतलं आणि माझ्या हातात दिला. "तिसऱ्या मजल्यावर दे. माझं नाव सांगू नकोस."

मी सांगितलं नाही. पण आमचा तांब्या चाळीत कोण ओळखत नव्हतं?

दोन दिवसांनी तात्यांच्या घरच्या काकू तो परत द्यायला आल्या. भांडं रिकामं परत करायचं नसतं, म्हणून त्यात गावाकडून आलेल्या ओल्या शेंगा होत्या, काठोकाठ. आईने त्या सुपात ओतल्या, तांब्या चिंचेने घासून देवाजवळ ठेवला. बाबा काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने उठले, सुपातल्या मूठभर शेंगा उचलल्या आणि गॅलरीत जाऊन एकेक फोडत उभे राहिले.